रेघ ऐकणाऱ्या सासूबाई

मला चित्रं काढायची हौस कधीच नव्हती. हे आधी सांगून टाकते, कारण हल्ली कुणा बाईला चार रेघा ओढता आल्या की तिला लहानपणापासून फुलापानांचं वेड होतं, असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला वेड नव्हतं. मला नोकरी टिकवायची होती.

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा तात्पुरती मास्तरीण होते. यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि सासूबाई, दोघी विधवा, दोघी आलवणातल्या. कल्याणला माझे दीर होते आणि दिरांच्या घरात जाऊबाई होत्या. जाऊबाईंनी निरोप पाठवला होता की जात्याजवळची जागा झाडून ठेवली आहे, दोघींची अंथरुणं तिथे नीट मावतील. जात्याजवळ जागा देणारी बाई ती झोपण्यासाठी देत नसते, हे सासूबाईंना माझ्याआधी कळलं.

"तिथे गेलो की दळण माझं आणि स्वयंपाक तुझा," त्या म्हणाल्या, "आणि मरेपर्यंत बोलणी दोघींची. त्यापेक्षा तू ती काय ती परीक्षा दे."

परीक्षा ड्रॉइंगची होती. वरून हुकूम आला होता की मुलींना शिकवणाऱ्या बाईला मोकळ्या हाताने चित्र काढता आलं पाहिजे. रूळ नाही, कंपास नाही, रबर नाही. माघात परीक्षा. पास झाले तर जागा कायम, नाही तर ती दुसऱ्या बाईला. ती दुसरी बाई कोण तेही ठरलेलं होतं. ती मधूनमधून शाळेत येऊन माझ्या खुर्चीची उंची बघून जात असे.

मी घरी पाटी घेऊन बसले आणि एक सरळ रेघ ओढली. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"ही रेघ आहे की धावदोरा?"

खरंच धावदोरा होता. बोटभर ओढायची, थांबायचं, पुन्हा बोटभर. मला वाटलं होतं रांगोळीचा हात आहे, तो उपयोगी पडेल. तोच नडला. रांगोळीत आधी ठिपके मांडायचे आणि मग एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जायचं. दर ठिपक्यावर थांबायची हाताला सवय. ठिपके काढून घेतले की हात भर रस्त्यात आंधळ्यासारखा उभा.

शिकवणार कोण हा प्रश्न होता. यांच्याबरोबर मोजणी कचेरीत नकाशे उतरवणारे एक गृहस्थ होते. जमिनीच्या हद्दी कागदावर ओढणं हेच त्यांचं आयुष्य. यांच्या स्नेहाखातर ते रविवारी दुपारी यायला कबूल झाले. आम्ही त्यांना मास्तर म्हणू लागलो. पण विधवेच्या घरी परका पुरुष येणार म्हणजे त्याची रीत बसवावी लागली. ती सासूबाईंनी बसवली. मास्तरांनी ओटीवर बसायचं, दाराकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे हा माणूस आत बघत नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. मी माजघरात पाटी घेऊन. मधल्या उंबऱ्यावर सासूबाई. मास्तरांनी माझ्याशी बोलायचं नाही, सासूबाईंशी बोलायचं. सासूबाई मला सांगणार. अंतर सगळं मिळून सहा हातांचं.

"काकू, त्यांना सांगा, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढा."

"रेघ ओढायला सांगतोय," सासूबाई मान वळवून म्हणाल्या.

मी ओढली. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पाटी ओटीवर नेली, मास्तरांच्या खांद्यावरून पुढे धरली.

"काकू, त्यांना सांगा, ही रेघ केसाळ आहे."

सासूबाई परत आल्या. "तो म्हणतो, तू सुरवंट काढलायस."

"मी सुरवंट म्हटलं नाही, काकू."

"तिला कळेल असं सांगितलं."

मास्तर रस्त्याकडे बघत बोलत राहिले. रस्त्याने जाणाऱ्यांना ते स्वतःशीच बोलताहेत असं वाटत असणार. "अशा रेघेपायी माणसं कोर्टात जातात. कळव्याच्या एका मिठागराच्या नकाशात बांधाची रेघ कुणीतरी अशीच चाचपडत ओढली. मालक दोघे भाऊ. एक म्हणतो रेघेचा अलीकडचा केस ही हद्द, दुसरा म्हणतो पलीकडचा. अजून तारखा पडताहेत. रेघ चुकीच्या जागी गेली तरी चालेल, पण ती एक पाहिजे. एक असली तर दुरुस्त करता येते. दहा असल्या तर कुठली दुरुस्त करणार?"

चित्रकलेबद्दल पुढे मी पुष्कळ ऐकलं, पण याहून कामाचं कुणी काही सांगितलं नाही.

मग एकेक नियम आला. पहिला नियम, रेघ मनगटातून ओढायची नाही, खांद्यातून ओढायची. "मनगट बांधूनच टाकलं पाहिजे," मास्तर म्हणाले. सासूबाई आत जाऊन उलथनं आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन आल्या आणि उलथनं माझ्या हाताच्या आतल्या बाजूने कोपरापासून तळव्यापर्यंत करकचून बांधलं. मास्तरांची पाठ होती, त्यांना काही दिसलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. तीन आठवडे मी उलथनं बांधून रेघा ओढल्या. उपयोग झाला. पुढे शाळेतल्या मुलींना मी फूटपट्टी बांधायला लावली, तितका झाला नाही. फूटपट्टी लवते.

दुसरा नियम, पेन्सिलीच्या टोकाकडे बघायचं नाही, जिथे पोचायचं तिथे बघायचं. सासूबाईंनी तो असा पोचवला: "डोक्यावर घागर असताना पायांकडे बघतेस का? बघितलंस तर घागरही जाते नि पायही जातो."

तिसरा नियम, पाटीला टेकायच्या आधी हात दोनदा हवेतून त्याच वाटेने न्यायचा, आणि तिसऱ्यांदा टेकवून न थांबता. हे मी परसदारी बसून करत असताना कळव्याहून भाजी घेऊन येणारी आगरीण आली. तिला दिसलं ते असं: भर दुपारी एक बाई, हाताला उलथनं बांधलेलं, नजर समोर लावलेली, हात हवेत इकडून तिकडे, इकडून तिकडे.

टोपली तशीच डोक्यावर ठेवून तिने सासूबाईंना हळूच विचारलं, "गो आये, सुनंवर कोन आलाय काय?"

"कोणी आलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "परीक्षा आलीय."

दुसऱ्या दिवशी तिने भाजीबरोबर एक लिंबू आणलं आणि माझ्यावरून उतरून टाकायला सांगितलं. सासूबाईंनी त्याचं सरबत केलं.

पाटी नेण्याआणण्याचा मात्र सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास होऊ लागला. एका रविवारी पंधरावी की सोळावी रेघ दाखवून झाल्यावर त्या उंबऱ्यावर बसल्या त्या उठेनात.

"अरे, दर रेघेला मला काय नाचवतोस? ओटीवरून ऐकू येत नाही का तुला?"

मास्तरांनी एक कान दाराकडे कलता केला. मग म्हणाले, "त्यांना सांगा, ओढा."

मी ओढली. दगडी पाटीवर दगडी पेन्सिल.

"काकू, त्यांना सांगा, मध्ये थांबल्या."

खरं होतं. मी पुन्हा ओढली.

"शेवटी घाबरल्या. टोक आलं की हात आखडतो त्यांचा."

तेही खरं होतं. मास्तर म्हणाले, यात काही नवल नाही. कचेरीत त्यांच्या पाठीमागे सहाजण लिहायला बसत आणि कोण खोडतोय, कोण डुलक्या घेतोय, हे त्यांना मान न वळवता कळे. नेटकी रेघ एकाच सुरात जाते. चाचपडणारी रेघ कुरकुरते. बघायचं काम फक्त शेवटी.

त्या दिवसापासून आमची शिकवणी कानाने चालू लागली. ओटीवर एक माणूस रस्त्याकडे बघत बसलेला, आत एक बाई खरडतेय, उंबऱ्यावर एक म्हातारी डोळे मिटून. मधूनच माणूस म्हणतो, "थांबल्या," आणि म्हातारी म्हणते, "थांबलीस." पुढे पुढे म्हातारी आधी म्हणू लागली. मास्तर तोंड उघडायच्या आत सासूबाईंचं "थांबलीस!" येई आणि मास्तर नुसते "हं" म्हणत.

दिवाळीनंतर मोजणीचा हंगाम सुरू झाला आणि मास्तर कचेरीबरोबर कोलशेतकडे मुक्कामाला गेले. जाताना सांगून गेले: रोज शंभर रेघा, मग वाटोळं, मग लोटा. आणि एक शेवटचा नियम. "रेघ चुकली तर तिची डागडुजी करायची नाही. ती तशीच ठेवायची आणि शेजारून दुसरी काढायची, पहिल्यापासून, एका दमात."

मास्तर गेले आणि सासूबाई मास्तर झाल्या. आता रविवारची वाट बघायची गरज नव्हती. त्या स्वयंपाकघरातून ऐकत, न्हाणीतून ऐकत. एकदा देवळात जायला निघाल्या आणि कोपऱ्यावरून परत आल्या, मला सांगायला, की मघाची तिसरी रेघ घाईची होती. शेजारच्या घरात कुणी पाटीवर पाढे लिहायला बसलं तरी त्या भिंतीकडे बघून म्हणत, "सातावर अडलाय." त्यांना अक्षर येत नव्हतं, अंकही येत नव्हते. सातावर कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, "सगळे सातावरच अडतात."

लोट्याने मात्र रडवलं. परीक्षेत लोटा हमखास येतो असं ऐकलं होतं. लोट्याची डावी बाजू मला जमे. उजवी काढायला गेले की ती सुटे. डावीकडून माझा लोटा उपाशी आणि उजवीकडून जेवलेला. मास्तरांनी सांगितलं होतं की दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाटी उलटी धरून पाहावं, चूक लगेच दिसते. सासूबाई पाटी उलटी धरायला तयार नव्हत्या. "पालथा लोटा घरात ठेवत नाहीत," म्हणाल्या. शेवटी तोड निघाली. पाटी सुलटी भिंतीला टेकवायची आणि मी तिच्याकडे पाठ करून, वाकून, पायांमधून बघायचं. असं मी दोन महिने रोज केलं. लोटा सुधारला. कंबर धरली.

माघ आला. परीक्षा मुलांच्या हायस्कुलात होती. मोठी खोली, चाळीसेक मुलगे आणि मी. माझ्यासाठी एका कोपऱ्यात खिडकीखाली पडदा बांधला होता, म्हणजे मुलांना मी दिसू नये. मी एकटी जाणं शक्यच नव्हतं, म्हणून सासूबाई आल्या होत्या. त्यांना आत घेता येईना. त्या बाहेरच्या व्हरांड्यात बरोबर माझ्या खिडकीच्या भिंतीला टेकून बसल्या. खिडकी उंच होती. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं.

नमुन्याचा छापील कागद आला. लोटा. मला बरं वाटलं. कोरा कागद आला, एकच. शिसपेन्सिल आली. मी हात दोनदा हवेतून फिरवला, तिसऱ्यांदा टेकवला, आणि मधली उभी रेघ ओढायला लागले.

काही आवाजच आला नाही.

आम्ही कधी कागदावर सराव केलाच नव्हता. पाटी पुसता येते, मग चांगला कागद वाया कशाला घालवायचा? असा विचार फक्त आमच्यासारख्या घरात होतो, आणि तिथे तो शहाणपणाचा समजतात. मास्तरांच्याही डोक्यात आलं नाही, कारण त्यांचा टाक कागदावर चांगला करकरतो. शिसपेन्सिल मुकी असते हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

मी बहिरी झाले. रेघ चालली आहे की थांबली आहे, मला कळेना. मधली रेघ कशीबशी झाली. लोट्याच्या डाव्या काठाला हात नेला तर तो टेकेना. डोळ्यांसमोर जाऊबाईंचं जातं आलं, चांगलं धुऊनपुसून ठेवलेलं. तेव्हा मी एकच गोष्ट केली, जी त्या वेळी मला अगदी साधी वाटली. पाटीवरच्या पेन्सिलीचा आवाज मी तोंडाने काढला.

"स्स्स्स्स्स्स..."

आणि हात निघाला. काठ, मान, पोट, बूड. डावी बाजू एका दमात उतरली. इतकी चांगली पाटीवरही कधी आली नव्हती. मी श्वास घेतला आणि उजवीकडे वळले. "स्स्स्स्स्..." काठ झाला, मान झाली, आणि पोटाच्या वळणावर डावीशी जुळतंय का हे बघायला माझी नजर हलली. हात थांबला. तोंडही थांबलं.

खिडकीबाहेरून आवाज आला, खणखणीत:

"थांबलीस!"

चाळीस पेन्सिली एकदम थांबल्या.

पडद्याबाहेर बुटांचा आवाज आला, मग खाकरणं. देखरेख करणारे गृहस्थ पगडी सावरत आत डोकावले.

"बाई, तुम्ही फुसफुसत होता?"

"हो."

"कुणाशी?"

"कुणाशी नाही. रेघ ओढत होते."

"बाहेर कोण आहे?"

"सासूबाई."

"त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

"थांबले असं सांगितलं."

त्यांनी खिशातून नियमांचा कागद काढला आणि वाचू लागले. परीक्षार्थींनी एकमेकांशी बोलू नये. सासूबाई परीक्षार्थी नव्हत्या. बाहेरच्या माणसाने खोलीत येऊ नये. त्या आल्या नव्हत्या. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

"बाहेरून मदत घेणाऱ्याचा पेपर रद्द करावा लागतो," ते शेवटी म्हणाले. आवाज कठोर नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. कठोर माणसाशी भांडता येतं.

खिडकीतून उत्तर आलं. "मदत कसली? थांबली ती थांबली. तिला का ठाऊक नव्हतं? आणि तुम्ही तिला बोलण्यात धरू नका, तिची रेघ अर्धी आहे."

"आजी, तुम्हाला आतलं दिसतंय का?"

"दिसत असतं तर ओरडले कशाला असते?"

या उत्तराचा त्यांनी बराच वेळ विचार केला. एखादी गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय सोडायची नाही, असा त्यांचा स्वभाव असावा. ते फळ्याकडे गेले, खडू उचलला आणि एक लांब आडवी रेघ ओढली. सगळी खोली बघत होती.

"दोनदा अडखळलात," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "आणि शेवटी उरकलंत."

फळ्यावरची रेघ पडद्याच्या फटीतून मलाही दिसत होती. दोन ठिकाणी बाक होता, आणि शेवटाला शेपूट.

कुणीतरी हसलं. गृहस्थांनी रेघ पुसली. सावकाश, पूर्ण पुसली. मग पडद्याशी येऊन निकाल दिला. सासूबाई पाहत नाहीत हे सिद्ध झालं आहे. ऐकण्याबद्दल नियमांत काही नाही. तरी त्यांनी तिथून उठून अंगणातल्या चिंचेखाली बसावं. "आणि तुम्ही, बाई, तो आवाज काढायचा असेल तर इतरांना त्रास न होईल इतपत काढा."

सासूबाई उठल्याचं मला त्यांच्या गुडघ्यांवरून कळलं.

माझी उजवी रेघ पोटाच्या वळणावर तुटलेली होती. तिथूनच पुढे ओढावी, सांधा जरा दाबून काढावा, कुणाला कळणार आहे, असं मनात आलं. मग मिठागराचे दोघे भाऊ आठवले. मी ती रेघ तशीच ठेवली. केसभर अलीकडून, काठापासून, दुसरी सुरू केली आणि बुडापर्यंत थांबले नाही. लोट्याला उजवीकडे वरच्या अंगाला दोन कडा झाल्या. झाल्या तर झाल्या.

तोवर माझ्या पडद्याला लागून बसलेल्या मुलाने हळूच "स्स्स" करून पाहिलं होतं. त्याला ते जमलं असावं, कारण पुढच्यानेही केलं. घंटा होईपर्यंत सगळी खोली तव्यावर धिरडी टाकल्यासारखी चुरचुरत होती. त्रास कुणाला होतोय हे ठरवायला कुणी उरलं नव्हतं. देखरेखवाले गृहस्थ फळ्याकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांचा हात हवेतून दोनदा इकडून तिकडे गेलेला मी स्वतः पाहिला.

निकाल चैत्रात लागला. मी पास झाले. पहिल्या वर्गात नाही, दुसऱ्याही नाही, नुसती पास. दोन कडांपैकी कुठली परीक्षकांनी धरली हे मला अजून माहीत नाही. आठ दिवसांनी जागा कायम झाल्याचा कागद आला. मास्तर कोलशेतहून परत येऊन ओटीवर पाठ करून बसले होते. त्यांना सगळं सांगितल्यावर ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "काकू, त्यांना सांगा, शिसपेन्सिलीचं माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"त्याला वाईट वाटतंय," सासूबाई मला म्हणाल्या.

संध्याकाळी मी जाऊबाईंना उत्तर लिहायला बसले. निरोप येऊन सहा महिने झाले होते आणि जात्याजवळ अजून कुणी झाडत असेल तर तिला थांबवणं भाग होतं. टाक घेतला, कागद घेतला. सासूबाई उंबऱ्यावर डोळे मिटून बसल्या.

साष्टांग नमस्कार वगैरे झाल्यावर मी लिहिलं की माझी इथली जागा कायम झाली आहे, आम्ही दोघी इथेच राहणार, कल्याणला येत नाही. आणि सही केली.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"येत नाही असं लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग त्याच्या आधी थांबलीस ती?"

"शाई घेत होते."

त्यांनी डोळे उघडले, टाकाकडे पाहिलं, दौतीकडे पाहिलं.

"मग चालेल," म्हणाल्या, आणि मूठभर उरलेल्या उजेडात तांदूळ निवडायला घेतले.